मॉड्यूलला पॅरामीटर ‘पास’ करावा की द्यावा?

प्रश्न असा आहे: सर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या मंडळींसाठी अ‍ॅन्सिबल या सर्व्हरवरची कामे आपोआप करून घेणाऱ्या साधनावरचे प्रशिक्षण-टिपण मराठीत करायचे आहे. त्यातले एकेक ठरावीक काम करणारा भाग म्हणजे मॉड्यूल. ‘पासिंग पॅरामीटर्स टू मॉड्यूल्स’ या मथळ्यासाठी ‘मॉड्यूलना प्राचल पारित करणे’ असे लिहिले, पण ते सहकाऱ्यांना कळले नाही. योग्य शब्द कोणता? आणि पॅरामीटर व आर्ग्युमेंट एकच का?

आधी क्रियापद, कारण मुख्य अडचण तिथे आहे. मराठीत ठराव पारित होतो, मुलगी दहावी पास होते. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती वस्तू जाण्याला आपण ‘देणे’ म्हणतो आणि इथेही तेच पुरते. चतुर्थी लावली की घेणारा कोण हे आपोआप कळते: ‘कॉपी मॉड्यूलला तीन पॅरामीटर दिले.’ अनेकवचनात ‘पॅरामीटर्स’ करायचीही गरज नाही. तो पॅरामीटर, ते पॅरामीटर. दोन ड्रायव्हर म्हणतो तसेच.

‘प्राचल’ हा गणित-संख्याशास्त्रातला प्रस्थापित शब्द आहे आणि तिथे तो चोख बसतो. पण संख्याशास्त्रात समष्टीचा, म्हणजे अभ्यासायच्या पूर्ण समूहाचा, मध्य हे प्राचल असते, म्हणजे त्या समष्टीचीच एक ठरलेली राशी. ती कोणी कोणाला देत नाही, आपण तिचा अंदाज बांधतो. म्हणून ‘प्राचल द्या’ हे कानाला खटकते. वर्तमानपत्रांतला ‘निकष’ तर इथे अगदीच चुकीचा, कारण निकष लावून पारख होते आणि पॅरामीटर देताना कशाचीच पारख करायची नसते. माझे मत स्पष्ट आहे: ‘पॅरामीटर’ तसाच ठेवावा.

आता दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट एक नाहीत. कॉपी मॉड्यूल एखादी फाइल सर्व्हरवर नेऊन ठेवते. कुठे ठेवायची, मालक कोण, परवानग्या कोणत्या, हे सांगण्यासाठी त्यात ‘डेस्ट’, ‘ओनर’, ‘मोड’ अशा नावांच्या जागा आहेत. या जागा म्हणजे पॅरामीटर. मॉड्यूल लिहिणाऱ्याने त्या ठरवल्या. तुम्ही ‘मोड’पुढे ०६४४ लिहिता, ते आर्ग्युमेंट. यासाठी मराठीत शाळेपासूनचा शब्द तयार आहे: किंमत. ‘समीकरणात क्ष ची किंमत ५ ठेवू’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वहीत लिहिले आहे. तेव्हा ‘मोड या पॅरामीटरची किंमत ०६४४ ठेवा’ हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

हा फरक जपायचा तो नेमके काय चुकले हे सांगता यावे म्हणून. ‘ओनर’ऐवजी ‘ओनर्स’ लिहिले, तर असा पॅरामीटर चालत नाही असे सांगून अ‍ॅन्सिबल ते काम तिथेच थांबवते. इथे पॅरामीटर चुकला. पण ‘मोड’पुढे अवतरणचिन्हांशिवाय आणि आधीच्या शून्याशिवाय नुसते ६४४ लिहिले, तर ती दशमान संख्या धरली जाते. परवानग्यांचे आकडे मात्र अष्टमानात वाचले जातात, आणि अष्टमानात ती १२०४ होते. शेवटचे तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि परके यांचे. मालकाला फक्त लिहिण्याची परवानगी उरते, गटाला काहीच नाही, आणि परक्यांना वाचण्याची मिळते. काम मात्र यशस्वी झाल्याचे दिसते. इथे पॅरामीटर बरोबर होता, किंमत चुकली. दोन्हींना ‘पॅरामीटर चुकीचा गेला’ म्हटले, तर समोरचा भलत्या जागी शोधत बसेल.

अर्थात मूळ इंग्रजीतच एकवाक्यता नाही, त्यामुळे तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे. अ‍ॅन्सिबलच्या दस्तऐवजात मथळा ‘पॅरामीटर्स’, तोच मजकूर मॉड्यूलच्या आत लिहिताना ‘ऑप्शन्स’, आणि पायथन कोडमध्ये त्याच यादीचे नाव ‘आर्ग्युमेंट स्पेक’. काटेकोर पाहिले तर ती यादी पॅरामीटरांची आहे. पपेट या तशाच दुसऱ्या साधनाने आणखी बारीक भेद केला आहे. तिथे फाइलच्या वर्णनातल्या सगळ्याच जागा ‘अ‍ॅट्रिब्यूट’. त्यांतल्या ‘ओनर’, ‘मोड’ या ‘प्रॉपर्टी’, कारण त्या सर्व्हरवर प्रत्यक्ष तपासता येतात. ‘बॅकअप’, ‘रिकर्स’ हे ‘पॅरामीटर’, कारण पपेटने काम कसे करायचे एवढेच ते सांगतात. पपेटवर लिहाल तेव्हा प्रॉपर्टीला ‘गुणधर्म’ म्हणा, पॅरामीटरमध्ये मिसळू नका.

राहिला ‘डिफॉल्ट’. बँकेच्या भाषेत हा शब्द हप्ते थकवण्याचा आहे, म्हणून टिपणात ‘गृहीत किंमत’ लिहावे असे सुचवतो. कॉपीमध्ये ‘डेस्ट’ द्यावाच लागतो, तर ‘बॅकअप’ न दिल्यास जुन्या फाइलची प्रत ठेवायची नाही असे गृहीत धरले जाते. पपेटच्या क्लासला, म्हणजे नाव दिलेल्या सूचनांच्या गटाला, पॅरामीटर देताना तर हा क्रमच आहे: क्लास जाहीर करताना दिलेली किंमत पहिली, ती नसेल तर हायरा या माहितीसाठ्यातली, आणि तीही नसेल तर क्लास लिहिणाऱ्याने गृहीत धरलेली. तिन्ही नसतील तर सर्व्हरवर काही बदलण्याआधीच पपेट थांबतो आणि कोणत्या पॅरामीटरला किंमत मिळाली नाही ते नावानिशी सांगतो.