चाचणीत कधीच न सापडलेला खेळाडू निर्दोष मानावा का?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने वर्षानुवर्षे चाचण्या दिल्या आणि तरीही तो सुटत राहिला. मग ज्या खेळाडूच्या एकाही नमुन्यात उत्तेजक द्रव्य सापडलेले नाही त्याला निर्दोष मानता येते का, आणि येत नसेल तर चाचण्यांना अर्थ काय उरतो? पहिल्या भागाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर इतके सरळ नाही. सायकलिंग आणि ॲथलेटिक्स मी कित्येक वर्षे मनापासून पाहत आलो आहे, म्हणून ते सविस्तर द्यावेसे वाटते.

नमुना घेतला त्या वेळी, ज्या द्रव्यांचा शोध घेण्याची पद्धत प्रयोगशाळेकडे उपलब्ध होती ती द्रव्ये ओळखता येतील इतक्या प्रमाणात शरीरात होती की नव्हती, एवढेच चाचणी सांगते. लाल रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, 1990च्या दशकात व्यावसायिक सायकलिंगमध्ये सर्रास वापरले जात होते. ऑलिंपिकमध्ये त्याची चाचणी आली ती मात्र 2000 साली सिडनीत. तोपर्यंत ते घेणारा प्रत्येक जण कागदोपत्री स्वच्छच होता. चाचणी आल्यानंतर घेण्याची रीत बदलली. अगदी थोडी मात्रा रात्री उशिरा शिरेतून घेतली की काही तासांत तिचा माग लागणे अवघड होत असे, आणि तपासनीस दारात आलेच तर सलाइन चढवून रक्त पातळ करण्याचा उपायही हाताशी असे. स्वतःचेच रक्त काढून, साठवून, शर्यतीआधी पुन्हा चढवले तर शरीरात परके असे काहीच जात नाही, त्यामुळे ते शोधणे त्याहून कठीण.

आर्मस्ट्राँगच्या बाबतीत एक तपशील सहसा विसरला जातो. 1999च्या ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीत त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडला होता, पण मागची तारीख घातलेले डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन पुढे करून ते प्रकरण मिटवण्यात आले. म्हणजे प्रयोगशाळेने आपले काम केले होते. ढिलाई झाली ती निकाल हाती आल्यानंतर. संघात मसाजचे काम करणाऱ्या एमा ओ’रायली यांनी हे सांगितले तेव्हा आर्मस्ट्राँगने त्यांची जाहीर बदनामी केली आणि त्यांना न्यायालयात खेचले. पुढे 2012 साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याची 1999 ते 2005 मधील सातही विजेतेपदे काढून घेण्याचा निर्णय दिला, तो प्रामुख्याने 26 जणांच्या साक्षींवर उभा होता आणि त्यांत त्याचे 11 माजी सहकारी होते. आर्मस्ट्राँगने स्वतः कबुली दिली ती त्यानंतर, जानेवारी 2013 मध्ये.

मोठी प्रकरणे एकापाठोपाठ एक पाहिली की चाचणीने नव्हे, तर बाहेरून हाती आलेल्या पुराव्याने प्रकरण फुटते, हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. 1998 मध्ये तूर सुरू होण्याच्या तोंडावर फेस्टिना संघाच्या एका कर्मचाऱ्याची गाडी फ्रान्सच्या सीमेवर अडवली गेली आणि तीत उत्तेजकांचा साठा मिळाला; त्या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, स्थापन झाली. 2003 मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज निनावीपणे पाठवली नसती, तर चाचणीत दिसू नये म्हणूनच घडवलेले टीएचजी हे स्टेरॉइड लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेला ओळखता आले नसते. त्या प्रकरणाशी नाव जोडले गेलेल्या अमेरिकन धावपटू मॅरियन जोन्सला 2007 मध्ये कबुली द्यावी लागली, तीही नमुन्यामुळे नव्हे, तर सरकारी तपासकांशी खोटे बोलल्याच्या गुन्ह्यामुळे. सोल येथे 1988 मध्ये 100 मीटर 9.79 सेकंदांत धावून स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडमुळे पदक गमावलेला कॅनडाचा बेन जॉन्सन हा ऐन स्पर्धेत सापडलेला खेळाडू म्हणून सर्वांना आठवतो. माझ्या मते तो नियमापेक्षा अपवादच अधिक आहे.

रशियाचे प्रकरण मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तेथे चाचणी घेणारेच फसवणुकीत सामील होते. युलिया स्टेपानोव्हा ही 800 मीटरची धावपटू आणि तिचा पती विताली, जो स्वतः रशियन उत्तेजकविरोधी संस्थेत काम केलेला होता, या दोघांनी गुप्तपणे केलेली ध्वनिमुद्रणे डिसेंबर 2014 मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर आली. त्यानंतर मॉस्को प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रॉडचेन्कोव्ह यांनी देश सोडला आणि 2016 मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकची हकीकत उघड केली. प्रयोगशाळेच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून रात्री बाटल्या पलीकडे दिल्या जात आणि एकदा बंद केल्यावर उघडणार नाहीत असा लौकिक असलेल्या त्या बाटल्या उघडून खेळाडूंनी आधीच देऊन ठेवलेली स्वच्छ लघवी त्यांत भरली जाई. ‘वाडा’ने नेमलेले कायदेतज्ज्ञ रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या चौकशीत याला भौतिक पुरावा मिळाला: झाकणांच्या आत ओरखडे होते, काही नमुन्यांत माणसाच्या लघवीत असूच शकत नाही इतके मीठ होते, आणि महिला खेळाडूंच्या दोन नमुन्यांत पुरुषाचा डीएनए सापडला. या व्यवस्थेचा लाभ मिळालेल्या किंवा तिच्यात गुंतलेल्या खेळाडूंची संख्या त्या अहवालाने 1000 हून अधिक सांगितली.

तरीही चाचण्या निरर्थक आहेत, असे मी म्हणणार नाही. त्यांची खरी ताकद एका नमुन्यात नसून काळात आहे. 2008 मध्ये सायकलिंगने ‘बायोलॉजिकल पासपोर्ट’ आणला. त्यात हिमोग्लोबिन आणि नव्या लाल पेशींचे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदवून खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्याच रक्ताशी केली जाते, आणि द्रव्य सापडले नाही तरी त्याचा परिणाम दिसल्यास कारवाई करता येते. स्टेपानोव्हावर पहिली बंदी आली होती ती अशाच नोंदींवरून. शिवाय नमुने आता दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. लंडन 2012 च्या नमुन्यांची नव्या तंत्राने फेरतपासणी झाली तेव्हा वेटलिफ्टिंगच्या 94 किलो गटातील तिन्ही पदके गेली आणि मुळात पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. व्यासपीठावर उभे राहण्याचा तो एक दिवस मात्र कोणताही फेरनिकाल त्याला परत देऊ शकत नाही, आणि उत्तेजकांचा खरा बळी कोण, असे कोणी विचारले की मला प्रथम तोच आठवतो.

उशीर हा या व्यवस्थेचा मोठा दोष आहे. रशियाची पंधरा वर्षांची फिगर स्केटर कमिला वालियेवा हिचा नमुना 25 डिसेंबर 2021 रोजी घेतला गेला आणि त्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरील, खेळाडूंना बंदी असलेले औषध असल्याचा अहवाल आला तो 8 फेब्रुवारी 2022 रोजी, म्हणजे बीजिंगमधील सांघिक फिगर स्केटिंग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला दोषी ठरवणारा क्रीडा लवादाचा निर्णय लागायला जानेवारी 2024 उजाडले. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर आलेल्या अमेरिकेच्या स्केटरांना सुवर्णपदके मिळाली ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकच्या वेळी.

शरीरात द्रव्य सापडले की ते कसे आले याचा खुलासा खेळाडूनेच करायचा, या नियमाबद्दलही आपल्या मनात शंका असेल. हा नियम कठोर आहे, आणि दूषित पूरक आहारामुळे किंवा चुकीच्या औषधामुळे निरपराध माणूस त्यात भरडला जाऊ शकतो. उत्तम वकील परवडणारा आणि न परवडणारा यांच्यातील अंतर येथे फार जाचते, हे मला मान्य आहे. परंतु हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली, तर क्वचितच कोणी दोषी ठरेल.

म्हणून एखाद्या विजेत्याविषयी ‘तो कधीच सापडला नाही’ असे ऐकले की मी तीन गोष्टी पाहतो: त्याच्या चाचण्या स्पर्धेबाहेर, न कळवता होतात का, त्या घेणारी यंत्रणा त्याच्या महासंघापासून वेगळी आहे का, आणि त्याच्या संघातील माणसाला बोलावेसे वाटले तर ते त्याला निर्भयपणे बोलता येते का. ॲथलेटिक्सने 2017 मध्ये स्वतंत्र ‘इंटेग्रिटी युनिट’ उभारल्यापासून दुसऱ्या गोष्टीत सुधारणा दिसते. तिसऱ्या गोष्टीची स्थिती मला अजून चिंताजनक वाटते. आपल्या देशातली एवढी मोठी फसवणूक उघडकीला आणून देश सोडावा लागलेल्या स्टेपानोव्हाने 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला तटस्थ खेळाडू म्हणून धावू द्यावे, अशी विनंती केली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पूर्वीच्या बंदीचे कारण देत ती नाकारली.