दाढेतलं सिमेंट का निघतं?

प्रश्न : खालच्या दाढेत दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं, ते आठ महिन्यांत निघालं. शेजारच्या दाढेतली चांदी पंधरा वर्षं टिकून आहे. माल हलका होता का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : मालावर शंका घेण्याआधी भरताना दाढ कोरडी होती का, ते आठवून पाहा. चांदी, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटत नाही, अडकून बसते. आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरला की ती सहसा बाहेर येत नाही. तुम्ही ज्याला सिमेंट म्हणता ते कॉम्पोझिट मात्र चिकटवावं लागतं, आणि सगळं यश त्या दोन-तीन मिनिटांवर असतं.

आधी 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल, बहुधा निळं, इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, 15 ते 30 सेकंद लावतात. धुऊन वाळवलं की चकचकीत इनॅमल खडूसारखं पांढुरकं दिसतं. त्यात बारीक छिद्रं पडलेली असतात. पातळ रेझिन, म्हणजे बाँड, त्यांत शिरून घट्ट होतो आणि पकड धरतो. ही वाट अमेरिकी दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवली.

खरी कसोटी डेंटिनची, म्हणजे इनॅमलखालच्या मऊ थराची. तिथे ॲसिड 15 सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. धुतल्यावर कोलॅजनचं, म्हणजे प्रथिनाच्या तंतूंचं, नाजूक जाळं उघडं पडतं. हवेने ते खडखडीत वाळवलं तर जाळं चपटं होतं आणि बाँड आत शिरत नाही. पाणी साचू दिलं तर बाँड पातळ पडतो. म्हणून पृष्ठभागावर फक्त ओलसर चमक ठेवायची, बाँड 15-20 सेकंद चोळायचा, त्यातला द्रावक हवेने उडवायचा आणि मगच बाँड घट्ट करणारा लाइट मारायचा. काही बाँड वेगळ्या ॲसिडशिवाय चालतात. त्यांच्या वेळा त्यांच्या पत्रकाप्रमाणे पाळाव्या लागतात.

या दरम्यान लाळेचा एक थेंब लागला तरी छिद्रांवर प्रथिनांचा थर बसतो. नुसतं पुसून भागत नाही, ॲसिडपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. खालच्या दाढेला एका बाजूने जीभ, दुसऱ्या बाजूने गाल, त्यामुळे धोका मोठा. पुढच्या वेळी रबर डॅम लावायची विनंती जरूर करा. रबराच्या पडद्यातून फक्त दात बाहेर राहतो. पाच मिनिटं जास्त जातात, पण ती वाया जात नाहीत.

प्रश्न : दाढ भरून चार दिवस झाले. गार पाणी लागतं, चावताना कळ येते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. कॉम्पोझिट घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. एकदम मोठा गोळा भरला तर भिंती ओढल्या जातात, तळाशी फट राहते, आणि त्या फटीतला द्रव हलला की कळ येते. म्हणून नेहमीचं कॉम्पोझिट 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला वेगळा लाइट देतात. जाड थराच्या तळापर्यंत प्रकाश पोचत नाही, हे दुसरं कारण.

फक्त चावताना दुखत असेल तर भरलेला भाग किंचित उंच राहिला असावा. दाढ बधिर असताना ते कळत नाही. रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टर तेवढं घासून देतात. गार लागून लगेच थांबत असेल तर दोन आठवडे वाट पाहायला हरकत नाही. गरमाने कळ येऊन रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर नस तपासून घ्या, थांबू नका.

प्रश्न : दाढ दुखते म्हणून आठवडाभर लवंगतेलाचा बोळा ठेवला. काही बिघडेल?
— एक वाचक, लातूर

उत्तर : डॉक्टरांना आधी सांगा. लवंगतेलातलं युजेनॉल कॉम्पोझिटमधल्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. खड्डा व्यवस्थित साफ करूनच कॉम्पोझिट भरावं लागेल.

प्रश्न : समोरच्या दाताचं जुनं सिमेंट पिवळं पडलंय. दात पांढरेही करून घ्यायचेत. आधी काय? — एक वाचक, पणजी

उत्तर : आधी दात पांढरे करा, नंतर दोन आठवडे थांबा. पांढरं करणाऱ्या औषधातून दातात उरलेला ऑक्सिजन बाँडला बाधतो. जुनं सिमेंट त्या औषधाने दाताबरोबर उजळत नाही, म्हणून ते शेवटी बदलायचं. आणि नव्या सिमेंटचा रंग निवडणं ते बदलायच्या दिवशी सुरुवातीलाच, दात ओला असताना करून घ्या. वाळलेला दात खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो.