पाय घासायला लागला म्हणजे धावणं संपलं का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची. कॉलेजपासून धावते, अर्धमॅरेथॉन माझ्या सवयीची. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याला अंधूक दिसायला लागलं, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होण्याचा आजार) निदान झालं. औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. पण पाचेक किलोमीटर झाले की तोच डोळा धूसर होतो, डावा पाय घासत येतो. घरी येऊन गार झाले की तासाभरात सगळं पूर्ववत. घरचे म्हणतात, दर वेळी तू नसांची नासाडी करून घेतेस. सासूबाईंनी तर बूटच लपवून ठेवलेत. खरंच नुकसान होतंय का?

उत्तर : बूट परत मागून घ्या. पण सासूबाईंवर चिडू नका. त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांनीही एमएसच्या पेशंटला हेच सांगितलं असतं: विश्रांती घ्या, दमू नका. हा समज हलला तो १९९६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासामुळे. त्यात ५४ जण होते. व्यायामाच्या गटातल्यांनी १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी पेडल मारली. त्यांचा दम आणि ताकद वाढली. व्यायामामुळे रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याचे प्रसंग, वाढतात, असं नंतरच्या अभ्यासांतही दिसलेलं नाही.

मग डोळा धूसर का होतो? १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नेमकं हेच नोंदवलं होतं: श्रम केले की काही पेशंटची नजर मंदावते. त्याला वाटलं, दोष श्रमांचा. खरा दोष उष्णतेचा, हे पुढे कळलं. एमआरआय नव्हता तेव्हा तर संशयित पेशंटला गरम पाण्यात बसवून लक्षणं उमटतात का, ते बघत! मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण जिथे गेलेलं असतं, तिथून संदेश कसाबसा पार होत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडखळतो आणि शरीर निवलं की पुन्हा जायला लागतो. यात नवी इजा होत नाही.

फरक ओळखायचा तो वेळेवरून. निवल्यावर गेलं, तर उष्णता. नवीन लक्षण आलं किंवा जुनंच बळावलं आणि २४ तासांनंतरही टिकलं, तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा. ताप किंवा लघवीचा संसर्ग असला तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात, तेव्हा धावण्याला दोष देण्याआधी तेही तपासून घ्या.

डोळ्यापेक्षा मला काळजी तुमच्या पायाची आहे. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे माणूस दारातून आत आला की माझी नजर आधी त्याच्या बुटांवर जाते. तुमचा डावा बूट उलटा करून बघा. टोकाशी तळ जास्त झिजला असेल, तर पाऊल उचललं जात नाहीये, आणि हे पाचव्या किलोमीटरच्या बरंच आधी सुरू होत असणार. कानही वापरा: पाऊल उचलणारा स्नायू थकला की तळवा जमिनीवर ‘फट्’ असा आपटतो. तो आवाज आला की चाला. खरं तर त्याच्याही आधी चाला. पाचव्याला घासतो ना, मग तिसऱ्यापासूनच थोडं धावणं, थोडं चालणं असं आलटूनपालटून करा. शेवटच्या टप्प्याचं बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करून तुमच्या फिजिओला दाखवा. घोट्याला हलका स्प्लिंट लागेल की गुडघ्याखाली बांधून नसेला विजेचा सौम्य झटका देणारं, पाऊल उचलून धरणारं यंत्र, हे पाहूनच ठरतं. पत्रातून मी सांगणार नाही. तोवर खडबडीत वाट आणि उतार टाळा. एमएसपेक्षा पडून मोडलेलं मनगट तुम्हाला जास्त दिवस घरी बसवेल.

उष्णतेचं म्हणाल, तर निघण्याआधीच गार व्हा. बर्फाचा चुरा घातलेलं पाणी प्या, गळ्याला ओला गार रुमाल बांधा किंवा कूलिंग जॅकेट घालून थोडं बसा. सरळ लांब जाऊन परतण्यापेक्षा घराभोवतीच्या छोट्या फेऱ्या बऱ्या, हवं तिथे थांबता येतं. लघवीची घाई होते म्हणून पाणी कमी पिण्याची युक्ती बरेच जण करतात. त्यापेक्षा वाटेत स्वच्छतागृह येईल अशी फेरी आखा. घड्याळातल्या हृदयगतीवर फार विसंबू नका. एमएसमध्ये कधीकधी ती श्रमांच्या मानाने वाढतच नाही. सलग वाक्य बोलता येतंय का, एवढं बघा.

ब्रिटनच्या कदीना कॉक्सना २०१४ मध्ये एमएसचं निदान झालं आणि २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी धावणं आणि सायकलिंग, दोन्हींत सुवर्ण मिळवलं. पेशंटना हे उदाहरण मी जपूनच देते, कारण काहींना त्याने उभारी येते आणि काहींना आपण आळशी आहोत असं वाटायला लागतं. सासूबाईंना मात्र जरूर सांगा.

प्रश्न : मला एमएस होऊन बरीच वर्षं झाली, आता व्हीलचेअरवर असतो. पूर्वी लांबवर सायकल चालवायचो. दमसासाचे व्यायाम आता माझ्यासाठी नाहीतच ना?

उत्तर : आहेत. हातांनी पेडल मारायचं यंत्र टेबलावर ठेवूनही चालतं आणि खांदे साथ देत असतील तर पुढे हँडसायकल आहेच. सुरुवात पाच मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा पाच. समोर पंखा हवाच. पोहायचं असेल तर पाणी २७ ते २९ अंशांच्या आसपासचं बघा. उपचारांसाठी तापवलेल्या तलावात सांधेदुखीवाल्यांना बरं वाटतं, तुम्ही मात्र तिथे गळून जाल. खांदा दुखायला लागला तर लगेच थांबून फिजिओला दाखवा, कारण खुर्ची ढकलायला, पलंगावर सरकायला तेच खांदे लागतात.