‘चलनशास्त्र’ की ‘हालचालशास्त्र’?

प्रश्न दादरच्या एका शिक्षिकेचा आहे. नववीच्या मुलांना कायनेसिऑलॉजीची, म्हणजे माणसाचं शरीर हलतं कसं याच्या शास्त्राची, तोंडओळख करून द्यायची आहे. फळ्यावर ‘चलनशास्त्र’ लिहू की ‘गतिशास्त्र’?

बाई, दोन्ही नको. ‘चलनशास्त्र’ वाचून मुलांना नोटा आठवतील, नाहीतर बाबांच्या स्कूटरवर आलेलं ई-चलान. आणि ‘गती’ त्यांना विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात भेटलेली असते. तिथे ती गाड्यांची नि चेंडूंची.

मी ‘हालचालशास्त्र’ लिहीन. बोलीतल्या शब्दाला ‘शास्त्र’ जोडलं म्हणून कुणी नाक मुरडेल, पण ‘हवामानशास्त्र’ आपण रोज ऐकतोच, त्यातली हवा तर अरबी. मुंबईत एक गंमत मात्र होणार. लोकलमध्ये ‘क्या हालचाल?’ कानावर पडतं, त्यातला ‘हाल’ म्हणजे अवस्था, तोही अरबीच. आपली हालचाल ‘हालणे’ आणि ‘चालणे’ यांची.

मूळ ग्रीक शब्द ‘कायनेसिस’, अर्थ हालचाल. ‘सिनेमा’ त्याच कुळातला. ७ जुलै १८९६ला काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात मुंबईकरांनी हलती चित्रं पाहिली हे मुलांना सांगाच. पण त्याच्या आधी, १८८२मध्ये, एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने सेकंदाला १२ चित्रं टिपणारी बंदूक बनवली होती, ती करमणुकीसाठी नव्हे, उडणारे पक्षी अभ्यासायला. म्हणजे सिनेमा आणि हे शास्त्र नुसते नावाचे भाऊबंद नाहीत.

खरी अडचण पुढे येईल, ‘आकुंचन-प्रसरण’ या जोडीपाशी. काही जण ती सांध्यालाही लावतात आणि स्नायूलाही. हात जवळ घेताना दंडाच्या पुढचा स्नायू आकुंचन पावतो हे ठीक. पण हात जोर लावून सरळ करतानाही मागचा स्नायू आकुंचनच पावतो! मग सांध्याच्या ‘प्रसरणा’ला स्नायूचं ‘आकुंचन’, असा गोंधळ. त्यापेक्षा आकुंचन स्नायूला ठेवा; सांध्यासाठी घरचे शब्द आहेत. कोपर दुमडतं, मनगट वळतं, कंबर वाकते.

‘उकिडवं’ हा तर माझा लाडका शब्द. खुबा, गुडघा, घोटा तिन्ही पुरते दुमडलेले आणि टाचा जमिनीला, एवढं सगळं एका शब्दात. वर्गात सगळ्यांना तसं बसवून पाहा. काहींच्या टाचा उचलल्या जातील, काही मागे कलंडतील. पोटरी नाहीतर घोटा आखडलेला असला की नडगी पुरेशी पुढे झुकत नाही, आणि शरीराचा भार पावलांच्या मागे जातो. अशा मुलाच्या टाचांखाली एक जाडसर वही सरकवा. बहुतेकदा तो लगेच नीट बसेल, आणि का बसला हे बाकीचे विचारतील.