स्टुडंट व्हिसावर ब्रिटनमध्ये अपंगत्वाचा भत्ता मिळतो का?

"रूमॅटॉइड संधिवात आहे, यूडीआयडी कार्डावर (भारतातलं दिव्यांग ओळखपत्र) 55 टक्के, सप्टेंबरला लीड्समध्ये एमएस्सी. ताई, तुम्ही कॉलेजही करता आणि भत्ताही घेता, मग मलाही मिळेल ना? आणि आईला सोबत आणता येईल का?" असं तू विचारलंस. भत्ता मिळणार नाही. खर्चाचा हिशेब त्याच्या भरवशावर मांडूच नकोस.

माझी गोष्ट वेगळी आहे. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि कायम राहण्याचा परवाना मिळाल्यावरच पिपचा अर्ज केला. पिप म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, इथला अपंगत्वाचा भत्ता. त्यात उत्पन्न बघत नाहीत आणि शिकायला लागलं म्हणून ते बंद होत नाही. रोजच्या जगण्याच्या भागाचा साधा दर 2025-26 मध्ये आठवड्याला 73.90 पौंड होता. पण तुझ्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, ही अट असेल. पिप, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता), सरकारी घरभाडं मदत, सगळं त्यात मोडतं. "फॉर्म भरून तर बघ, काय जातंय" म्हणणारे इथे आपलेच लोक भेटतील. अट मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचे अर्जही अडकतात, हे त्यांना भोगायचं नसतं.

डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांसाठीची सरकारी मदत, तिचंही तेच. नावात स्टुडंट आहे म्हणून आपली मुलं आशेवर राहतात, पण परदेशी विद्यार्थ्यांना तो लागू नाही. जायच्या आधी केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती बघ. जागा फार थोड्या असतात, तरी बघ.

तुझ्या हक्काचं जे आहे ते युनिव्हर्सिटीकडे आहे. इक्वॅलिटी ॲक्ट 2010 या समानतेच्या कायद्याप्रमाणे तिला तुझ्यासाठी वाजवी सोयी कराव्याच लागतात, आणि त्याचे पैसे तुझ्याकडून घेता येत नाहीत. व्हिसा कुठला हा प्रश्न इथे येत नाही. परीक्षेत जास्तीचा वेळ, मध्ये उठून फिरायची मुभा, हाताने लिहिण्याऐवजी कॉम्प्युटर, लेक्चरचं रेकॉर्डिंग असं बरंच मागता येतं. मात्र आपणहून सांगावं लागतं. ॲडमिशन हातची जाईल या भीतीने आपल्याकडे आजार लपवतात. इथे ऑफर आली की लगेच युनिव्हर्सिटीच्या डिसेबिलिटी टीमला ईमेल कर.

कार्डावरच्या 55 टक्क्यांचा इथे फारसा उपयोग नाही. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, पेन किती मिनिटं धरवतं, जिने चढवतात का, थंडीत दुखणं किती वाढतं, हे विचारतात. म्हणून तुझ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घे आणि त्यात निदानाबरोबर हे सगळं लिहून घे. नुसतं "पेशंटला संधिवात आहे" एवढ्यावर भागत नाही.

औषधांचं ऐक. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, त्या पब्लिक फंड्समध्ये येत नाही, आणि तिच्यासाठी तू व्हिसाबरोबरच हेल्थ सरचार्ज भरतेस: वर्षाला 776 पौंड. एक वर्षाच्या कोर्सचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा होतो, म्हणून 1,164 पौंड धर. तरी इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधाला 9.90 पौंड पडतात (2025-26 चा दर). तुझी औषधं रोजची असणार, तेव्हा 114.50 पौंडांचं वर्षभराचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढ, म्हणजे प्रत्येक औषधाचे वेगळे पैसे पडत नाहीत. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. संधिवाताच्या तज्ज्ञाची पाळी यायला महिने लागू शकतात, म्हणून तोवर पुरतील एवढी औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि जुने रिपोर्ट सोबत आण. आणि हो, पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) भरावा लागत नाही. ती सवलत बिनधास्त घे, तो भत्ता नव्हे.

आईला तुझी डिपेंडंट (तुझ्यावर अवलंबून असलेली) म्हणून आणता येणार नाही. आईवडील त्यात कधीच बसत नव्हते, आणि जानेवारी 2024 पासून अशा एमएस्सीवर नवरा-मुलंही नाहीत. व्हिजिटर व्हिसावर त्या जास्तीत जास्त सहा महिने राहू शकतात, पण विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत बहुधा राहू देणार नाहीत. खोलीसाठी अर्ज करताना डॉक्टरांचं पत्र जोड आणि तळमजला किंवा लिफ्ट, खोलीतच बाथरूम, असं स्पष्ट लिही. लीड्सची युनिव्हर्सिटी शहराच्या मध्यापासून चढावर आहे, म्हणून नकाशावर जवळ दिसणाऱ्या स्वस्त खाजगी खोलीला भुलू नकोस. सोयीच्या खोल्या मोजक्याच असतात. या महिन्यातच अर्ज कर.