लिथॉप्सचं (दोन जाड पानांची, दगडासारखी दिसणारी बुटकी झाडं) बी ऑनलाइन मागवलंय, पुण्यात गच्चीवर रुजेल का? आणि पुढे अशी झाडं जमवणाऱ्या कलेक्टर लोकांना विकून पैसे सुटतील का?

रुजेल हो, रुजण्याचं टेन्शनच घेऊ नका. खरा पेपर पावसाळ्यात असतो.

आधी एक सांगा, पाकिटावर निळ्या-जांभळ्या लिथॉप्सचा फोटो आहे का? असेल तर पैसे गेले समजा, कारण निळं लिथॉप्स या जगात नाही, तो फोटोशॉप आहे. बी खरं असेल तर तपकिरीसारखं बारीक असतं, एक मिलिमीटरसुद्धा नाही.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करा. दिवसा पंचवीस-तीस डिग्री आणि रात्री गारवा, हे त्याला मानवतं आणि एप्रिलच्या भट्टीआधी रोपांना चार-पाच महिने मिळतात. माती म्हणजे जवळपास माती नकोच, धुतलेली जाड वाळू, विटांचा चाळलेला चुरा, परलाइट (पांढरे हलके खडे) आणि नावापुरतं कोकोपीट, त्यावर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्यायचं म्हणजे बुरशीचा जोर कमी होतो. बी कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरायचं, झाकायचं अजिबात नाही, उजेड लागतो त्याला. पाणी खालून ट्रेमधून द्यायचं आणि वर प्लास्टिक. आठ-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात, ते दगडासारखे दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, खरी पानं नंतर येतात. मग प्लास्टिक हळूहळू काढत जा, नाहीतर मर (कोवळी रोपं कुजवणारा बुरशीचा रोग) लागते आणि एका रात्रीत अख्खी कुंडी आडवी.

आता पावसाळा. ही झाडं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या खडकाळ भागातली. तिथे पाऊस पडला की त्यांचं सुकलेलं बोंड ओलं होऊन उघडतं आणि थेंबाच्या माऱ्याने बी बाहेर उडतं, म्हणजे पाण्याशी वैर नाहीच. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ओल, उबदार रात्री आणि ढगाळ आभाळ सगळं एकदम येतं, त्यात सडतात. वर पारदर्शक शीट, चारही बाजू मोकळ्या, वारा नसेल तर सरळ पंखा लावा. आणि पहिल्या वर्षीची रोपं पार कोरडीही ठेवता येत नाहीत, अंगात साठाच नसतो, त्यामुळे दोन दिवस ऊन पडलं की थोडंसं पाणी, एवढंच. मोठ्या झाडाला पानं बदलताना पाणी बंद, नवी जोडी जुन्या जोडीतलं पाणी शोषून वाढते. मुंबई-कोकणात हे सगळं अजून अवघड, स्पष्टच सांगतो.

पैशांचं म्हणाल तर कलेक्टर नुसत्या झाडाला पैसे देत नाही, ते कुठल्या जागेचं आहे त्याला देतो. डेस्मंड कोल म्हणून एक प्रोफेसर होते (विषय आफ्रिकन भाषा, नाद लिथॉप्सचा!), त्यांनी आणि त्यांची बायको नॉरीन यांनी रानातल्या सुमारे ४०० ठिकाणच्या झाडांना नंबर दिले, ते कोल नंबर आजही बियांच्या पाकिटावर असतात. तुमच्या लेबलवर तो नंबर असेल तर भाव, लेबल हरवलं तर नर्सरीतलं साधं झाड. पुढे स्वतःचं बी धरायचं तर एकाच नंबरची दोन वेगवेगळी झाडं लागतात कारण स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही, आणि दुसऱ्या नंबरशी क्रॉस झालं की तो नंबर लावायचा नाही, मग कोणी कितीही मागो. फुलायला साधारण तीन वर्षं धरा, त्यामुळे पहिल्या वर्षी कमाईचं गणित मांडूच नका.

आणि स्वस्तात मोठी झाडं मिळतायत म्हणून घेऊन पुढे विकू नका, ती रानातून चोरलेली असू शकतात. लिथॉप्सचेच भाऊबंद असलेले कोनोफायटम गेल्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केपमधून लाखांनी उपटून चोरलेत, काहींची तर सगळी वस्तीच एखाद्या टेकडीवर असते, ती गेली की संपलं. बियापासून वाढवलेलं झाड विकण्यात हाच फायदा आहे, गिऱ्हाइकाला पेरणीची तारीख दाखवता येते.

परदेशातून थेट बी मागवणार असाल तर भारत सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं, "गिफ्ट" लिहून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. सुरुवात लिथॉप्सच्या लेस्लिई किंवा ऑकाम्पिई या जातींनी करा. ती लालभडक ऑप्टिका रुब्रा सगळ्यांनाच हवी असते, पण ती फार हळू वाढते, तिचं बी दोन पावसाळे निभावल्यावर घ्या.