‘पेशंटच्या तुम्ही कोण?’

साठी ओलांडलेले समलिंगी जोडीदार समुपदेशनाला येतात ते बहुतेक एकच काळजी घेऊन. उद्या अंथरूण धरलं तर आमचं कोण करणार? आणि करायला माणसं हवीत म्हणून, जन्मभर न सांगितलेलं आता सगळ्यांना सांगत सुटायचं का? या प्रश्नाला एका जोडीची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या निवृत्त परिचारिका. सोसायटीत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नाही. एक ‘बाई’, दुसऱ्या ‘सिस्टर’. मीही तेच म्हणते. बाई ६८ वर्षांच्या, सिस्टर ७१ च्या, आणि एकत्र राहतात त्याला ३० वर्षांहून जास्त झाली. लोकांच्या लेखी दोघी बिनलग्नाच्या मैत्रिणी. दोन पुरुष असे राहिले की कुजबुज होते. दोन बायका राहिल्या की “बरं झालं, एकमेकींना सोबत आहे” एवढ्यावर विषय मिटतो. त्या सोयीवर यांचं आयुष्य निभावलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा निकाल दिला, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा, तेव्हा दोघींनी बातम्या टीव्हीचा आवाज बंद करून पाहिल्या. भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून.

मग सिस्टर न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली. जुनी फाइल, विम्याचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी, सगळं घेऊन त्या बरोबर गेल्या. भरतीच्या खिडकीवर विचारलं गेलं, “पेशंटच्या तुम्ही कोण?” बाई म्हणाल्या, “शेजारीण.”

पुढे सगळं रीतसर झालं. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. “घरचं कुणी आहे का?” असं विचारून सिस्टरच्या भाच्याला फोन गेला. तो दुसऱ्या गावाहून रात्री उशिरा पोचला, त्याने सह्या केल्या, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागाचा एकुलता एक पास त्याच्या हातात पडला. कोणत्या गोळीने सिस्टरना पुरळ येतं हे त्याला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

“मला कुणी विचारून छळलं नव्हतं हो,” बाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. “माझ्याच तोंडून गेलं ते. आता तुम्ही सांगा, या वयात सांगायचं का? भाच्याला, सोसायटीला, डॉक्टरला?” सिस्टरचं मत त्यांनी लगेच पुढे ठेवलं: “ती म्हणते, आता काय दारावर पाटी लावायची?”

दोघींचंही मला पटत होतं. पण ‘सांगायचं की नाही’ हा प्रश्न एकच धरून बसलं की माणूस हलत नाही. सांगितलं तर सगळं गमावू, नाही सांगितलं तर एकटे मरू, अशा दोन टोकांत तो अडकून पडतो. म्हणून मी बाईंना एका कागदावर तीन रकाने आखायला सांगितले. काम कोणतं, करणार कोण, आणि त्या माणसाला काय माहीत असायला हवं. शिक्षिकाच त्या. पट्टी मागून घेतली.

रात्री-अपरात्री दार उघडायला किल्ली: समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं, माहीत असण्याची गरज काहीच नाही. बँक: दोघींपैकी कोणीही पैसे काढू शकेल असं संयुक्त खातं; बँकेला सही हवी, कहाणी नको. फॅमिली डॉक्टर: सगळं माहीत हवं. दवाखान्यात निर्णय घेणारी व्यक्ती: बाई स्वतः, पण हातात लेखी काहीतरी हवं. मग आला भाचा. तिसऱ्या रकान्यात बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं. शेवटी त्यांनी आपण होऊन एक ओळ लिहिली, ‘मनातलं बोलायला’, आणि पुढचे दोन्ही रकाने कोरे सोडले.

म्हणजे डझनभर कामांपैकी सांगण्याचा प्रश्न खरा दोन-तीन ठिकाणीच होता. बाकी सगळं कागदपत्रांचं आणि किल्ल्यांचं काम. हे समोर लिहिलेलं पाहून बाईंना जरा हायसं वाटलं. मोकळेपणाने जगणं मोलाचं आहे, त्यात वाद नाही. पण म्हातारपणाची सोय लावण्यासाठी ती पूर्वअट नाही. माझ्या व्यवसायातली काही मंडळी प्रत्येक दुखण्याला ‘आधी मोकळं व्हा’ हेच औषध देतात, ते मला रुचत नाही. सत्तरीच्या बाईला तिचं घर, तिची माणसं, तिची चाळीस वर्षांची सावधगिरी एका झटक्यात पणाला लावायला सांगणारे आपण कोण?

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण इथे गैरसमज फार आहेत.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे पती-पत्नीला जे आपोआप मिळतं ते या दोघींना आपोआप मिळत नाही. पण बरंचसं लिहून मिळवता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांनी संयुक्त बँक खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हाती पैसे किंवा फ्लॅट येतो तो साधारणपणे वारसांच्या वतीने सांभाळायला. मालकी ठरते ती इच्छापत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

फ्लॅट सिस्टरच्या एकटीच्या नावावर होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अविवाहित, मूलबाळ नसलेली स्त्री इच्छापत्र न करता गेली तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी आई-वडिलांकडे जाते. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-बहिणी आणि त्यांची मुलं. बाईंना त्या घरात एक खोलीसुद्धा नाही. त्या हे ऐकून गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, “स्वयंपाकघराचे पैसे माझ्या फंडातले आहेत.”

इच्छापत्र साध्या कागदावरही चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी यांच्यासारख्यांनी करावीच, असं त्यांच्या वकिलांनीही सांगितलं, कारण उद्या भांडायला येणारे नातेवाईक ठरलेले असतात. वकिलांनी सुचवलेला मार्ग मला फार आवडला: सिस्टरच्या पश्चात बाईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क, आणि बाईंनंतर घर भाच्याचं. भाच्याला घर मिळतं, बाईंच्या डोक्यावर छप्पर राहतं, आणि कुणाला काही उलगडून सांगावं लागत नाही.

भाच्याने मध्यंतरी वेगळंच सुचवलं होतं. “आत्या, फ्लॅट आत्ताच माझ्या नावे कर, तुमचं दोघींचं मी बघतो.” मुलगा वाईट नाही. तरीही मी सांगितलं, जिवंतपणी घर देऊ नका. द्यायचंच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे बक्षीसपत्रात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ तेव्हाच खऱ्या अर्थाने कामाला येतं. अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे जाऊन व्यवहार रद्द करून घेता येतो.

दवाखान्याचं थोडं वेगळं आहे. सज्ञान रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची संमती हीच खरी संमती. नातेवाइकाची सही रुग्णालयं मागतात ती बिलाच्या आणि पुढच्या कटकटीच्या भीतीने. प्रश्न येतो शुद्ध हरपली, बुद्धी चालेनाशी झाली तर. तेव्हा साधं कुलमुखत्यारपत्र कामाचं राहत नाही. देणाऱ्याचीच निर्णयक्षमता गेली की ते संपतं. म्हणून अखेरच्या उपचारांबद्दलचं वैद्यकीय इच्छापत्र आधीच करून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. मानसिक आजारात आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली साध्या कागदावर सही करून नेमता येते, आणि ती रक्ताचीच असावी अशी अट नाही.

कागद असूनही खिडकीपुढे तोंड उघडावं लागतंच. त्यासाठी आम्ही सराव केला. मी खिडकीवरची कर्मचारी झाले. “पेशंटच्या तुम्ही कोण?” बाई पहिल्यांदा अडखळल्या, दुसऱ्यांदा लांबलचक खुलासा करू लागल्या. खुलासा हाच घात करतो; समोरच्याला वाटतं काहीतरी लपवताहेत. शेवटी जे ठरलं ते असं: “मी त्यांच्याबरोबर राहते. आपल्या वतीने बोलायला त्यांनी मला नेमलंय. हे पत्र.” आणि पत्र पुढे सरकवायचं. मी मुद्दाम चिडून “नातं सांगा, नातं!” म्हटलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की वर्गात पाढे चुकल्यासारखं झालं. “वर लिहिलंय. वाचा.” हे वाक्य ठरलेल्यात नव्हतं, पण मी ते राहू दिलं.

आता ती कोरी ओळ. तिच्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

बाई ज्येष्ठ नागरिक संघात जात असत. तिथे गप्पा नातवंडांच्या, सुनांच्या, नाहीतर गेलेल्या यजमानांच्या. “मी दर वाक्याआधी तपासून बघते, यातून काही निसटतंय का. घरी येते ती दमून.” सिस्टर पडल्या तेव्हा संघातल्या बायकांनी डबे पोचवले, पाळीपाळीने सोबत केली. मदतीत काही कमी नव्हती. पण भीती वाटते म्हणून रडायचं ते त्यांच्यापुढे कसं? शेजारणीसाठी कुणी एवढं रडत नाही.

महाराष्ट्रात समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून. समलैंगिक स्त्रियांचा मुंबईतला गट १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ नावाने सुरू झाला, तो आता ‘लेबिया’ म्हणून ओळखला जातो. बाई एका बैठकीला गेल्या, आणि परत येऊन माझ्यावरच उखडल्या. सगळी पोरं पंचविशीतली. कौतुकाने भोवती जमली, “तुम्ही आमच्यासाठी प्रेरणा आहात, दोन शब्द बोला” म्हणाली. “मी काय व्याख्यान द्यायला गेले होते? जन्मभर तेच केलं!”

हसू आलं तरी त्यांचा मुद्दा खरा आहे. आपल्याकडच्या गटांचा चेहरा तरुण आहे. न्यूयॉर्कमध्ये समलिंगी ज्येष्ठांसाठी ‘सेज’ ही संस्था १९७८ पासून काम करते आहे. आपल्याकडे मुंबईत पन्नाशीपुढच्या समलिंगी पुरुषांचा ‘सीनेजर्स’ हा गट आहे. वयस्क स्त्रियांना असं ठिकाण अजून सहज सापडत नाही. म्हणून मी गटांच्या आयोजकांना थेट विचारते: तुमच्या ओळखीत साठीपुढचं कुणी आहे का, ज्यांना फोनवर बोलायला आवडेल? बहुतेकदा एखादं नाव निघतं. बाईंना अशीच एक मैत्रीण मिळाली, दुसऱ्या शहरातली, जोडीदार गेल्यानंतर एकटी राहणारी. दोघी गुरुवारी बोलतात. विषय म्हणे मुख्यतः गुडघे.

इथे एक सांगितलं पाहिजे. लग्न करून, मुलंबाळं असून आतून एकटे राहिलेले आजोबाही माझ्याकडे येतात, आणि गुरू-चेल्यांच्या घराण्यात म्हातारे झालेले तृतीयपंथीही. त्यांची गणितं वेगळी आहेत. या हकिगतीची मात्रा त्यांना जशीच्या तशी लागू पडणार नाही. ज्यांना आत्ता कुणाशीच बोलता येत नाही त्यांनी निदान दोन नंबर जवळ ठेवावेत: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत, आणि स्वतःबद्दल किती सांगायचं ते तुमच्या हातात.

फॅमिली डॉक्टरांना सिस्टरनीच सांगितलं, पाटीची भाषा करणाऱ्या सिस्टरनी. डॉक्टर म्हणाले, “ठीक आहे, मग तुमच्या फाइलवर यांचा नंबर पहिला टाकतो,” आणि रक्तदाब मोजायला लागले.

भाच्याचं इतकं सरळ झालं नाही. इच्छापत्राचं कळल्यावर तो दुखावला. “माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणाला, आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. पुढे एक्स-रेला न्यायला आला, गाडीत विशेष बोलला नाही. त्याला काय कळलंय, काय नाही, हे दोघींना ठाऊक नाही. तिसऱ्या रकान्यातलं ते प्रश्नचिन्ह बाईंनी खोडलेलं नाही आणि मीही त्यांना घाई केलेली नाही.

सिस्टर आता काठी घेऊन चालतात. त्यांची सगळी कागदपत्रं झाली. या धांदलीत बाईंचं स्वतःचं इच्छापत्र मात्र राहूनच गेलंय. निवृत्तीचे पैसे आणि दागिने नॉमिनीच्या भरवशावर पडून आहेत. पुढच्या भेटीला सिस्टरही येणार आहेत. वकिलांची वेळ त्यांनीच घेतली आहे.